गोंड्यातला रस

देऊळगाव राजाच्या कृषी केंद्रातली नोकरी सुटली तेव्हा दयारामनं मालकाकडं एकच वस्तू मागितली, काउंटरवरचं भिंग. मालक म्हणाला, "घेऊन जा. तुझ्यावाचून त्याला हात तरी कोण लावतो?" बावीस वर्षं दयारामनं त्या भिंगातून औषधाच्या डब्याला चिकटवलेली घडीची पत्रकं वाचली होती. मुंगीच्या अंड्याएवढी अक्षरं. ती कुणी वाचावीत असं छापणाऱ्यालाही वाटत नसावं. शेतकरी डबा फोडायचे आणि पत्रक बांधावर फेकायचे. दयाराम मात्र गिऱ्हाईक नसलं की पत्रक काचेवर पसरायचा आणि ओठ हलवत वाचत बसायचा. आठवीत शाळा सुटलेला माणूस. नववीचा धडा त्याला मिळाला तो असा, विषाबरोबर फुकट.

गावात त्याचं नाव 'लेबल' पडलं. तरी लोक त्याच्याच ओट्यावर येत. कुणाच्या हातात आकसलेलं पान, कुणाच्या रुमालात बांधलेली अळी. दयाराम ती तळहातावर घ्यायचा आणि म्हणायचा, "आधी किडीचं तोंड पाहा, मंग डबा पाहा." कुरतडणारं तोंड असलं तर पोटविष, पानाबरोबर पोटात जाणारं. उघड्यावर हिंडणारी कीड असली तर अंगाला लागून मारणारं. पण शेंगेत शिरलेल्या अळीवर ते मारणं म्हणजे घरात बसलेल्या माणसाच्या दारावर गोटे हाणणं. सोंडेनं रस पिणाऱ्या मावा-तुडतुड्यांना आंतरप्रवाही औषध. ते झाड मुळातून पितं, अंगभर मुरवतं, आणि मग जो कोणी रस प्यायला येतो त्याच्या नसांत जाऊन बसतं. एका नसेनं दुसरीला निरोप द्यायचा असतो, त्या निरोपाच्या दारात हे विष ठाण मांडतं आणि दार लागूच देत नाही. कीड थरथरत राहते, मग पडते. एक औषध असंही होतं की अळीला कात टाकता येत नाही. ती वाढत राहते आणि जुन्या कातडीत गुदमरून मरते. 

धान्याच्या कोठीत ठेवायच्या धुरीच्या गोळ्या तो हात राखून विकायचा. एकटा आलेला, काउंटरकडं न बघता गोळ्या मागणारा माणूस दिसला की "संपल्या" म्हणायचा आणि चहा सांगायचा. बावीस वर्षांत असे चार जण त्यानं चहावर बसवले. त्यांतले दोघं नंतर दुसऱ्या दुकानात गेले.

समता त्याची एकुलती मुलगी. तिची आई, महामाया, गेली तेव्हा ती कॉलेजात होती. पुढं बी.ए. झाली, तीन वर्षं खासगी शाळेत शिकवलं, आणि एका उन्हाळ्यात मधमाशीपालनाचं शिक्षण घेऊन आली. साठवलेल्या पगारातून बारा पेट्या आणल्या आणि विहाराच्या मागच्या पडीत मांडल्या. लग्नाचं बोलणं घेऊन आलेल्या मावशीला तिनं पेट्यांकडं बोट दाखवून सांगितलं, "आधी ह्यांचं होऊ दे." मावशी म्हणाली, "माशा काही हळदीले येत नाहीत, बाई." समता हसली. त्या काळात ती हसायची.

या भागात कांदा खाण्यासाठी थोडा आणि बियाण्यासाठी फार. माघात शिवारं पांढऱ्या गोंड्यांनी भरून जातात. एका गोंड्यात शेकडो फुलं, पण एका फुलाचं त्याच फुलात जमत नाही. पराग आधी पिकतो आणि झडतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतं, तेव्हा दुसरीकडून कुणीतरी पराग आणून द्यावा लागतो. पूर्वी कडेच्या बाभळींवर मोहोळं असायची, ती आणून द्यायची. मोहोळं गेली. मग बायका लावायची रीत पडली. सकाळी दव सुकलं की बायका तासातासानं, म्हणजे ओळीओळीनं, चालत, एका गोंड्यावरून तळहात फिरवून दुसऱ्यावर फिरवत, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. या टोळीची मुकादम सत्यभामाबाई. तिच्या तळहातांना माघ-फाल्गुनात कितीही धुतलं तरी कांद्याचा वास यायचा. पण हाताला माशीची सर नाही. निम्मी बोंडं पोचट राहायची.

म्हणून उकंडरावनं त्या वर्षी आपल्या दोन एकरांच्या प्लॉटात समताच्या पेट्या ठेवायचं कबूल केलं. गावातला हा पहिला मोठा माणूस, ज्यानं तिला हो म्हटलं होतं. सत्यभामाबाईनं विहिरीवर सगळ्यांदेखत समताला गाठलं.

"काय वं पोरी, आमचं काम माशाइले देलं म्हणे उकंडरावनं?"

"तुमाले दुसरं काम आहे ना, मावशी."

"आहे तं. पण माशी बरी आहे बाप्पा. च्या मागत नाही, बारा वाजता सावलीत बसत नाही, मुकादमाच्या चहाड्या करत नाही. उकंडरावले तं बायको बी अशीच पाह्यजे होती."

बायका हसल्या, समताही हसली. त्या प्लॉटात बी भरलं असतं तर पुढच्या वर्षी दहा जणांनी पेट्या मागितल्या असत्या आणि समताला शाळेच्या दारात परत जावं लागलं नसतं. नाही भरलं, तर गाव पुन्हा बायकांच्या हाताकडं वळणार होतं. हे तिलाही ठाऊक होतं आणि दयारामलाही.

जानेवारीच्या मध्याला गोंडे अजून पातळ पापुद्र्यात मिटलेले असताना फुलकिडे आले. पातीवर रुपेरी चट्टे पडले. उकंडराव दयारामच्या ओट्यावर येऊन बसला. हातात दुकानातून आणलेला डबा होता, पिवळ्या त्रिकोणाचा, म्हणजे जहाल विषाचा.

"हे मारतो उद्या. दुकानदार म्हणे दोन तासांत साफ."

"फुलकिड्याबरोबर बाकीचं बी साफ होईल," दयाराम म्हणाला. "पंधरा दिवसांत पेट्या यायच्या हायेत तुमच्या प्लॉटात."

"मंग काय करू? किडे पोसू? तू लेबल हायेस ना, सांग."

समता दारात उभी होती. ती बापाला म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाल ते. तुम्हाले कळते यातलं."

दयारामनं दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत त्यानं जपून ठेवलेल्या पत्रकांची पिशवी रिकामी केली. फुलकिड्याचं तोंड खरवडून रस पिणारं. म्हणजे आंतरप्रवाही चालतं. एका औषधाच्या पत्रकावर खाली लिहिलं होतं की मधमाशांना विषारी आहे, फुलोऱ्यात फवारू नये. तंबाखूच्या पानात जे विष असतं त्याच्याच तोंडवळ्याचं, कारखान्यात केलेलं औषध. दयारामनं ती ओळ तीनदा वाचली आणि त्याला वाट दिसली. फवारायचंच नाही. फुलं उघडायच्या आधी ठिबकच्या नळीतून मुळाला द्यायचं. एक थेंब गोंड्याला लागणार नाही, वाऱ्यावर काही उडणार नाही. फुलकिडे पातीचा रस पितात, ते मरतील. मधमाशी पातीवर बसतही नाही.

ते सुचलं तेव्हा त्याला जे वाटलं ते त्याला महामायाच्या वेळेपासून वाटलं नव्हतं. त्यानं समताला बोलावून समजावून सांगितलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं, एक-दोन प्रश्न विचारले, आणि म्हणाली, "कोण्या कॉलेजात शिकवत नाहीत असं." उकंडरावनं ठिबकमधून औषध सोडलं. आठव्या दिवशी पाती हिरवीगार. तो गावभर सांगत सुटला, "फवारायचं काम नाही, पंप पाठीवर घ्यायचं काम नाही. लेबलनं डोस्कं लावलं राव." ओट्यावर रांग लागली. दयारामनं कुणाला नाही म्हटलं नाही. माशा वाचतील, हेही तो प्रत्येकाला सांगत होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फुलं उमलू लागली तशी पेट्या प्लॉटाच्या चार कोपऱ्यांत गेल्या. पहिले चार दिवस नुसता गुंजारव. समता सकाळी जायची आणि दुपारी भाकरीचा डबा तसाच घेऊन परत यायची, भुकेचं भान नसायचं. पाचव्या दिवसापासून तिचं बोलणं कमी झालं. आठव्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, माशा कमी झाल्यासारख्या वाटतात."

"मेलेल्या दिसतात का पेटीपुढं?"

"नाही. तेच कळून नाही राह्यलं. मेलेल्या चार-दोन. बाकीच्या जातात अन् येत नाहीत."

दयारामला ओझं उतरल्यासारखं वाटलं. औषधानं मेल्या असत्या तर पेटीपुढं ढीग पडला असता. तसा ढीग त्यानं एकदा पाहिला होता, सूपभर. हे काही तसं नव्हतं. "थंडी असंल," तो म्हणाला.

समतानं पेट्या उघडल्या. राणी जागेवर होती. पोळं खाणारी पतंगाची अळी नव्हती, मुंग्या नव्हत्या. अंडी होती, पण अळ्यांना भरवायला माश्या पुरत नव्हत्या आणि चौकटीच्या कडेची पिलावळ गारठून काळी पडत होती. तिनं साखरेचं पाणी करून ठेवलं. पेट्यांची तोंडं उगवतीकडं वळवली. रात्री वही उघडून शिक्षणात लिहून घेतलेलं पुन्हा पुन्हा वाचू लागली. कधी म्हणायची, पेट्या हलवताना हिसका बसला असेल. कधी म्हणायची, साखर जुनी होती. तेराव्या दिवशी पाच पेट्यांत मूठ-मूठभर माश्या उरल्या आणि चार पेट्यांत राणीभोवती बोटावर मोजण्याएवढ्या; तीन साफ रिकाम्या. तिनं शांतपणे सांगितलं, "माह्याच हातानं काहीतरी चुकलं. मले जमत नाही हे. रोहिणखेडचा प्रसेनजित, माह्यासंगं शिकायले होता, त्याले फोन केला. शनिवारी गाडी घेऊन येतो म्हणे. उरलेल्या घेऊन जाईल."

"अन् तू?"

"शाळेत पाहते."

दुसऱ्या दिवशी दयाराम एकटाच उकंडरावच्या प्लॉटात गेला. उन्हं वर आली होती. गोंडे पूर्ण फुललेले, पांढरे, आणि त्या पांढऱ्यावर जवळजवळ काहीच हलत नव्हतं. एका गोंड्यावर एक माशी त्याला दिसली. तो वाकला, भिंग डोळ्याला लावलं.

माशी फुलाच्या तळाशी सोंड घालून रस पीत होती. पातळ, लालसर सोंड, आत जाणारी, बाहेर येणारी. दयारामनं आयुष्यात हजारो किडींची तोंडं पाहिली होती. हिचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, कारण ही कीड नव्हती. हिला कधी कुणी रुमालात बांधून त्याच्या ओट्यावर आणलं नव्हतं.

फुलातला रस कुठून येतो? त्यानं स्वतःलाच विचारलं, जसं तो काउंटरवरच्या शेतकऱ्याला विचारायचा. मुळातून येतो. जे मूळ पितं तेच पाती पिते, तेच दांडा, तेच गोंडा. आठवीतल्या पोरालाही आलं असतं ते उत्तर. त्यानं विष फुलावर पडू दिलं नव्हतं, ते त्यानं फुलाच्या आत नेऊन ठेवलं होतं.

माशी उडाली. हातभर गेली आणि पातीवर उतरली, पुन्हा उडाली, आणि जिकडून आली होती तिकडंच वळली. पेटी वीस पावलांवर होती. ती पेटीच्या अंगानं गेली नाही. बांध ओलांडून गव्हाच्या रानाकडं गेली, परत फिरली, मग ढेकळावर उतरून पाय झाडू लागली. एका मोठ्या थेंबानं मरणारी कीड जागेवर थरथरते. ही थोडं थोडं पीत होती, म्हणून ती मरायच्या आधी वाट विसरत होती. घर कुठं आहे हा निरोप एका नसेकडून दुसरीकडं पोचत नव्हता. म्हणून पेटीपुढं ढीग नव्हता. त्या दोन एकरांत आणि भोवतीच्या शिवारात एकेकटी, जिथं उजेड संपेल तिथं, त्या पडत होत्या.

तो ढेकळावर तिच्याशेजारी बसून राहिला. ती हलायची थांबली तरी बसून राहिला.

समताला सांगायला हवं होतं. सांगितलं तर तिच्या हाताचा दोष उतरला असता आणि बापाच्या हाताचा कळला असता. बुधवारी जेवताना त्यानं पावसापाण्याचं बोलणं काढलं. गुरुवारी ती वहीतली पानं फाडून चुलीत घालताना दिसली, तेव्हा तो सरपण आणायला म्हणून बाहेर पडला. त्याच्याजवळ या जगात ज्याला ज्ञान म्हणतात ते एवढंच होतं, आणि ते मनापासून मानणारं माणूसही ही पोर, एवढंच. शुक्रवारी सकाळी तो आधी उकंडरावकडं गेला. निदान एक माणूस तरी म्हणेल की पुढच्या साली देणार नाही, मग ते घेऊन पोरीपुढं जाता येईल, असा त्याचा हिशोब.

उकंडराव गोठ्यात होता. त्यानं सगळं ऐकलं आणि गवताची काडी दातांत धरून म्हणाला, "फुलकिडे मेले का नाही?"

"मेले."

"मंग औषध बराबर आहे. माशीचं काय घेऊन बसला बे? सत्यभामाबाईले सांगून ठेवलं, सोमवारपासून बायका लावतो."

"उकंडराव, फुलातच विष हाय. पुढच्या साली देऊ नका."

"मी नाही देल्लं तं शेजारचा देईल. तूच तं सांगतलं सगळ्याइले. जानरावनं देलं, वरच्या आळीतल्या रामनं देलं, नदीपल्याडच्या पाच प्लॉटाइनं देलं. दुकानात ते औषध उरलं नाही म्हणे. तुह्या मालकानं जालन्याहून दुसरी गाडी मागवली." तो हसला. "त्यानं तुले कामावरून काढाले नव्हतं पाह्यजे."

दयाराम घरी आला तेव्हा समता पेट्यांची झाकणं दोरीनं बांधत होती. तो तिच्यासमोर उभाच राहिला आणि उभ्यानंच सांगितलं. सोंड, रस, मूळ, ठिबक. नेहमी सांगायचा तसंच क्रमानं सांगितलं, कारण त्याला दुसऱ्या कशा रीतीनं सांगताच येत नव्हतं. समता दोरीची गाठ हातात धरून ऐकत होती. तिच्या तोंडावर राग आला नाही. ती फक्त त्याच्याकडं, एखाद्या पाहुण्याकडं बघावं तसं बघत होती.

"कवापासून माहीत हाय?" तिनं विचारलं.

"मंगळवारपासून."

"आज शुक्रवार हाय, बाबा."

तिनं गाठ मारली. मग म्हणाली, "पाच पेट्यांत अजून माशा हायेत. दुसरीकडं नेल्या तं जगतील. सांगा, कोणत्या शिवारात नाही देलं ते औषध? माशी दीड कोस जाते. दीड कोसात नसंल अशी जागा सांगा, मी आज नेते. प्रसेनजितले नाही म्हणते."

दयारामला ते सांगता यायला हवं होतं. त्यानं मनातल्या मनात गावाभोवती फेरा मारला. जानरावचा मळा, त्याला सांगितलं होतं. नदीपल्याड, सांगितलं होतं. टेकडीच्या पायथ्याच्या मिरच्या, त्या बाईला तर त्यानं पत्रक वाचून दाखवलं होतं. तिकडचा कापूस, त्याचं बियाणंच त्या जातीच्या औषधाचा लेप लावून येतं. हरभरा, तोही. ज्या ज्या दिशेला त्यानं मन वळवलं तिथं कुणीतरी त्याच्या ओट्यावर बसून गेलेलं होतं, मान डोलावून, त्याला दोन शब्द बरे बोलून. समता वाट बघत होती. तो म्हणाला, "नाही सांगता येत."

"जमिनीत किती दिवस राह्यते?"

"पत्रकात लिहेल नाही."

शनिवारी प्रसेनजितची गाडी आली. जयभीम-जयभीम झालं. तो भला पोरगा होता, त्यानं खोदून विचारलं नाही. पाच पेट्या चढवल्या, म्हणाला, तिकडं कांद्याचं बियाणं नाही, पण कापूस आहे, बघू किती टिकतात. रिकाम्या सात पेट्या त्यानं घेतल्या नाहीत. मेणाला आजार असला तर त्याच्या माश्यांना लागायचा, म्हणाला. दयारामनं तोंड उघडलं, आजार नाही म्हणून सांगायला. समता त्याच्याआधी म्हणाली, "राहू दे."

सोमवारी ती सत्यभामाबाईच्या टोळीत गेली. शाळेतली जागा तोवर भरली होती. टोळीनं तिला मधल्या तासात घेतलं. सत्यभामाबाईनं तिचा तळहात धरून दाखवला, कसा हलका ठेवायचा, कसा न दाबता फिरवायचा. "घाई नको करू. दाबलं की फूल मोडते. तू तं माशीवाली, तुले लवकर येईल." त्या दिवशी कुणी चेष्टा केली नाही. दयाराम बांधावरून बघत होता. दोन एकर पांढऱ्या गोंड्यांत बारा बायका वाकून चालल्या होत्या आणि सगळीकडं इतकं शांत होतं की तळहात फुलांवरून सरकल्याचा आवाज येत होता.

सांजेला ती घरी आली. हात धुतले, पुन्हा धुतले. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तिनं घेतला.

"उकंडराव भेटला व्हता," ती म्हणाली. "इचारत होता, गव्हावर मावा पडला, त्याले काय द्यावं. तुह्या बापाले विचारून सांग म्हणे."

"तू काय म्हणाली?"

"म्हटलं, तुमचं तुम्ही जाऊन विचारा. मी काही विचारत नसते त्याइले."

शेवटची गाडी किती वाजता सुटते हे सांगावं तशा आवाजात तिनं ते सांगितलं आणि पीठ मळायला बसली. दयारामला वाटलं, ती रागावली असती तर काहीतरी करता आलं असतं.

उकंडराव खरंच आला. ओट्यावर बसला, गव्हाची पाती पुढं केली. मावा दाट होता. सोंडेनं रस पिणारी कीड. उत्तर दयारामच्या जिभेवर आलं, बावीस वर्षांच्या सवयीनं आलं. त्यानं ते गिळलं.

"मले माहीत नाही, उकंडराव."

"काय भाव खातो बे," उकंडराव उठत म्हणाला. "जातो सकाळी देऊळगावले. दुकानातला पोरगा देईल काढून, त्याले बी आता सगळं पाठ झालं."

आत समता भाकरी थापत होती. तव्याच्या धुरातही तिच्या हातांना कांद्याचा वास येत होता.